सल्ला देईल त्याने चहा करायचा

"शनिवारी कांबळेबाईंकडे मुंबईचा डॉक्टर येतो म्हणे. दार लावून घेतात, आणि मग आतल्या बायका..."

नळावर माझ्यापुढे उभी असलेली शेवंता एवढंच बोलली आणि तिची कळशी भरली. कळशी कमरेवर घेऊन ती चालती झाली. आता आतल्या बायका काय करतात हे कळल्याशिवाय मला जेवण जाईल का?

महाडात आमच्या आळीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपणहून ओसरीवर येऊन बसतात. पण ऐंशी सालाच्या आगेमागे त्या एका घरातले किस्से सगळ्यात जास्त साठले, कारण तिथे मीच जाऊन बसले!

*

कांबळेबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांची वैशाली नऊ वर्षांची होती, पण तोंडातून शब्द नाही. बाकी पोर हसरी.

शनिवारी दुपारी मी वाटी घेऊन विरजण मागायला गेले. दार ढकललं तर चटईवर सहा-सात माणसं गोल बसलेली आणि मधोमध गजराचं घड्याळ. एक बाई डोळे पुसत होती. डॉक्टर कुठेच दिसेना. मी पलंगाखालीही नजर टाकली!

"काकू, विरजण हवंय की बातमी?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही," मी म्हटलं. खोटं कशाला बोला?

बाई हसल्या आणि चटईवर जागा केली. वैशालीला घेऊन त्या मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात जायच्या. तिथे अशा मुलांच्या आईबापांना एकत्र बसवून बोलतं करायचे. त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं, मला काही ते उच्चारता आलं नाही. हल्ली टीव्हीवर सगळे थेरपी थेरपी करतात, तेच असावं. दर आठवड्याला मुंबई कशी परवडणार? म्हणून बाईंनी महाड-पोलादपूरचे असे आईबाप शोधून शोधून घरीच बसवायला सुरुवात केली.

नियम दोनच. प्रत्येकाला दहा मिनिटं, गजर होईपर्यंत दुसऱ्याने बोलायचं नाही. आणि कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. दिलाच, तर उठून सगळ्यांसाठी चहा करायचा.

*

आमच्याकडे सल्ला न देणं म्हणजे माणुसकी नसणं! पहिल्याच दिवशी एका आईने सांगितलं की मुलगा जेवत नाही. मी म्हटलं, "ओवा भाजून..."

"काकू, स्टोव्ह तिकडे आहे," सगळे एकदम म्हणाले.

चहा घेऊन आले आणि बसता बसता म्हटलं, "निदान कोमट पाणी तरी..."

त्या दुपारी मी चार वेळा चहा केला. आळीत काही जण कांबळ्यांच्या घरचा चहा घेत नसत. मी तिथला स्टोव्ह पेटवते हे कळल्यावर ते माझ्याकडे चहा घ्यायचा की नाही, या पेचात पडले. मी त्यांना पेचातच ठेवलं.

महिन्याभराने बाई म्हणाल्या, "काकू, आज फक्त दोनदाच! बऱ्या आहात ना?"

*

साठेभाऊ कचेरीत कारकून. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा, पण वागणं तीन वर्षांच्या पोराचं. साठेभाऊ स्वतःबद्दल चकार शब्द बोलत नसत, नुसते वहीत लिहीत बसायचे. एके शनिवारी उभे राहिले, चष्मा लावला आणि वाचू लागले:

"मागील सभेचा वृत्तांत. सौ. मोरे आठ मिनिटे रडल्या. सौ. पवार यांनी त्यांस अनुमोदन दिले. काकूंनी तीन वेळा चहा केला. आभारप्रदर्शनानंतर सभा बरखास्त."

सौ. मोरे हसता हसता पुन्हा रडल्या!

"भाऊ, इथलं इथेच राहू द्या. कागदावर नको," बाई म्हणाल्या आणि वहीसाठी हात पुढे केला.

साठेभाऊंनी वही दिली, पण आता हात रिकामे. ते हातांकडे बघत बसले आणि म्हणाले, "आता मला बोलावं लागणार!"

*

पोलादपूरकडची एक आजी डॉक्टरची बातमी ऐकून आली होती. नातवाला फिट्स यायच्या. सोबत औषधासाठी धुऊन आणलेली रिकामी बाटली. दहा मिनिटं ती सुनेवर, देवावर, नातवावर बोलली. गजर झाल्यावर बाटली पुढे केली.

"औषद कवा देनार?"

"आजी, नातवाचं औषध सरकारी दवाखान्यातून चालूच ठेवायचं. इथे फक्त बोलायचं," बाई म्हणाल्या.

आजी फणफणत गेली. पुढच्या शनिवारी पुन्हा बाटली घेऊन हजर!

"आजी, मागच्या वेळी तर काही दिलं नव्हतं."

"व्हय गो, पन मला आठ दिस झोप लागली. त्येच परत दे!"

*

भागीचा किस्सा सांगताना मला आजही ओशाळल्यासारखं होतं.

भागी कुडपणची. सात वर्षांची सुमी, तिला चालता येत नव्हतं. तिला पाठीशी बांधून भागी डोंगर उतरायची आणि पोलादपूरहून एसटीने यायची. नवरा, तुकाराम, मुंबईला कंपनीत. तो वर्षातून दोनदा घरी यायचा आणि सुमीकडे पाठ करून जेवायचा. एका शनिवारी भागीने सांगितलं, "सासू म्हनते, दोष माज्या पोटात हाय. मे महिन्यात हे आले की दुसरी बायको बघायला जानार हायत."

मग कसला नियम! साठेभाऊ म्हणाले, अर्ज करू. सौ. मोरे म्हणाल्या, माहेरी जा. आजी म्हणाली, सासूला मी बघते. मी काय काय म्हणाले ते लिहीत नाही.

गजर झाला. भागी शांतपणे म्हणाली, "माजी धा मिनटं तुमीच खाल्लीत."

साखर संपली तरी आम्ही चौघं आळीपाळीने चहा करत होतो.

शेवटी बाईंनी विचारलं, "भागी, तुला काय हवंय?"

"त्येंनी येकदा हितं येऊन बसावं. मंग काय करायचं ते करू दे."

पत्र मी लिहिलं. सातवीपर्यंत शिकलेय, अक्षर बरं आहे. भागीने सांगितलं ते एवढंच: "शनवारी म्हाडला या. कोन तुमाला काय बोलनार नाय." मला खाली चार ओळी लिहायच्या होत्या. पेनाचं टोपण लावून टाकलं.

*

मे महिना आला. ज्या शनिवारी मुलगी बघायला जायचं ठरलं होतं, त्याच दुपारी भागीच्या मागोमाग तुकाराम दारात उभा! घड्याळ त्याच्यापुढे ठेवलं. दहा मिनिटं तो चटईच्या काड्या मोजत बसला. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

गजर झाला.

"परत लावा," तो म्हणाला.

दुसऱ्या दहा मिनिटांत तो एवढंच बोलला, "मुंबयला खोलीत आमी आठ जन ऱ्हातो, समदे आपल्याच डोंगरातले. नऊ वर्सं झाली. मला पोर हाय, ह्ये कोनालाच म्हाईत नाय."

तो एसटीने मुंबईला परत गेला. मुलगी बघायचं तेव्हा राहिलं. पुढे काय, हे भागीलाही ठाऊक नव्हतं.

दोन महिन्यांनी शनिवारी दार वाजलं. तुकाराम, आणि त्याच्यामागे दोन गडी, हातात मुंबईच्या पिशव्या. म्हणजे नळावरच्या बातमीतली मुंबई खरी निघाली, डॉक्टर तेवढा शेवटपर्यंत आला नाही!

एक गडी आंबेनळीच्या बाजूचा, त्याच्या मुलाला ऐकू येत नव्हतं. दुसऱ्याची मुलगी सुमीसारखीच. दोघेही मुंबईच्या त्याच खोलीतले. नऊ वर्षं तिघांच्या वळकट्या एकमेकांना लागून, पण पोरांचा विषय कधी निघाला नव्हता.

तुकारामने भागीच्या मांडीवरून सुमीला उचलून आपल्या मांडीवर घेतलं. बाई घड्याळाला किल्ली देत होत्या, पण तो थांबला नाही.

"ही माजी सुमी," तो त्या दोघांना म्हणाला. "तुमच्या पोरांची नावं काय रे?"