बर्फाच्या खोलीतला वरपक्ष

माझं लग्न ज्या कार्यालयात झालं, तिथे पूर्वी बर्फ तयार व्हायचा. पुण्यात घरोघरी फ्रीज आले, कारखाना बसला आणि मालकांच्या मुलाने यंत्रं विकून, भिंतींना गुलाबी रंग फासून मंगल कार्यालय थाटलं. बर्फ साठवायची खोली वरपक्षाला मिळायची. हातभर जाड भिंती, तसंच जाड दार, दोन्हींत ठासून भरलेला भुसा, खिडकी नाही. दार लोटलं की बाहेरचा लोखंडी दांडा आपोआप बसायचा.

मुहूर्त अगदी तोंडावर आला, तरी ते दार उघडेना. मामाने ठोठावलं. उत्तर नाही.

"रुसले," मामाने निदान केलं. "सकाळी शिरा गार होता, तेव्हाच व्याह्यांचं तोंड पाहिलं मी."

रुसलेल्या वरपक्षाचं दार आपण उघडायचं नाही, बाहेरून विनवायचं, ही आमच्याकडची रीत. वडील टोपी सावरत दारापाशी गेले.

"अहो, काही चुकलं असेल तर पोटात घाला."

वडिलांनी टोपी काढून हातात घेतली.

"मुहूर्त रुसत नाही," गुरुजी घड्याळ बघत म्हणाले. "तो सरळ निघून जातो."

मी पलीकडेच गौरीहरापुढे तांदूळ वाहत बसले होते. तिथून नवरीने उठायचं नसतं. वडिलांचा आवाज चिरकला, "जावईबापूंना अंगठी घालतो!" ती अंगठी आईच्या बांगडीतूनच होणार, हे मला ठाऊक होतं. तरीही आतून हूं की चूं नाही. म्हणजे लग्न मोडलं? मुठीतले तांदूळ घामाने चिकटले.

आणि मग आठवलं, माझे होणारे सासरे साखरपुड्यात नुसता चहा मागत होते, तर शेजारच्या बिऱ्हाडातली माणसं गॅलरीत आली होती. हा माणूस रुसून गप्प बसेल?

मी उठले.

"अगं, खाली बस!" मामा ओरडला. मी दोन्ही हातांनी दांडा खेचला.

सासरे घामाघूम होऊन बाहेर आदळले. "अहो, पाहुण्यांना कोंडून घालता? दार बडवून हात सोलले आमचे!" मागे नवरदेव, मुंडावळ्या एका कानावर. सासऱ्यांनी वडिलांना गाठलं. "इथेच उभे होतात ना? मग तोंडातून एक शब्द काढायला काय झालं होतं?"

आईने हात पदराआड घेतले. आमच्याकडची सगळी मंडळी छताकडे पाहू लागली.

"चुकलंच," वडील हात जोडून म्हणाले. "एक अक्षर बोललो नाही."

"भांडण मंगलाष्टकांनंतर," म्हणत गुरुजींनी नवरदेवाचा हात धरून त्याला पाटाकडे ओढलं.