छोट्या डब्यासमोरचा माइक

सहावीत शाळा सुटली आणि पुढं काही वर्षांनी किनवटकडून लग्न होऊन मी दौंडला आले. नवरा रेल्वेत गँगमन. त्याचे चुलते, आमचे आप्पा, शिरूरला राहायचे आणि भीमगीतांची पार्टी चालवायचे. एकदा ते आमच्याकडे जेवायला आले होते. मी आत भाकरी थापताना गुणगुणत होते, ते त्यांनी ऐकलं.

"सुनबाई गाती व्हय? मग आपुन बाहेरची बाई कशाला शोधायची?"

एवढ्यावर मी पार्टीत आले. घरच्या सुनेला त्यांनी स्टेजवर बसू दिलं, हे उपकार मी कधी मोजले नाहीत, नुसते बाळगले. आणि उपकार बाळगणाऱ्या माणसाला सतत धाकधूक असते की हे कधीही काढून घेतील. मला ती रोज असायची. खोकला आला तरी वाटायचं, संपलं.

पार्टीकडे तीन माइक होते. एक आप्पांचा, तो त्यांच्या तोंडासमोर आणि हार्मोनियमच्या डोक्यावर, म्हणजे दोन्ही त्यातच. दुसरा ढोलकीला. तिसरा माझा. माझा वेगळा असण्याचं कारण माझा गळा नव्हता. आप्पा माझे चुलतसासरे. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर घसरू द्यायचा नाही, त्यांच्या शेजारी बसायचं नाही. मग एका माइकमध्ये दोघांनी तोंड घालायचं कसं? म्हणून सुनेला तिसरा.

त्या वर्षी शिरूरच्या पोरांनी हट्ट धरला की जयंतीच्या कार्यक्रमात गिटार पाहिजे. आप्पा दौंडला आले आणि आम्ही सगळे रेल्वे कॉलनीतल्या अंकलकडे गेलो. अंकल म्हणजे रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर, रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचे. माझ्यासारख्या लांबून आलेल्या बाईला त्यांनी पहिल्याच भेटीत खुर्ची दिली होती. ते मी विसरले नव्हते.

पार्टीचा मोठा अॅम्प नवऱ्याने हातगाडीवरून आणला. अंकलच्या व्हरांड्यात दोन गिटारी होत्या, एक पोकळ, पोटाला भोकं असलेली, आणि एक भरीव, फळीसारखी. शेजारी त्यांचा स्वतःचा छोटा अॅम्प, त्याला ते डबा म्हणायचे, आत काचेचे व्हॉल्व्ह, पुढं खाकी कापड. चालू केल्यावर तो थोडा वेळ तापायचा, तोवर अंकल कुणाला बोलू द्यायचे नाहीत.

"हर गिटारका अपना डबा होता है," अंकल म्हणाले. "बघा तुम्ही."

पोकळ गिटार त्यांनी आपल्या डब्याला लावली आणि चर्चमधलं काहीतरी हळू वाजवलं. गार पाण्यात हात घातल्यासारखं वाटलं. आप्पा म्हणाले, "गोड हाय, पण ह्येच्यावर मानसं झोपतील."

मग तीच गिटार पार्टीच्या मोठ्या अॅम्पला. ढोलकीवाल्याने थाप मारली, अंकलनी तार छेडली आणि कर्ण्यातून अशी कुई सुरू झाली की शेजारच्या क्वार्टरमधलं कुत्रं भुंकायला लागलं. पोकळ गिटारीच्या पोटात बाहेरचा आवाज शिरतो, तोच परत कर्ण्यातून येतो, असं अंकलनी समजावलं.

"म्हंजी आपल्या सरपंचासारखं," ढोलकीवाला म्हणाला. "सोताचंच ऐकायचं आन् सोताच वरडायचं."

भरीव गिटार मोठ्या अॅम्पला लावली तेव्हा कुई गेली, पण सूर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे निघाले. जलद, नाचायच्या गाण्यांना ते चाललं असतं. आमची अर्धी गाणी मात्र संथ. माझं तर फारच संथ. एका आईचं गाणं होतं ते, आप्पांनीच रचलेलं, लेकराला शाळेत पाठवणाऱ्या आईचं.

शेवटी अंकलनी भरीव गिटार छोट्या डब्याला जोडली आणि आवाजाचं बटण जवळजवळ शेवटापर्यंत फिरवलं. सूर निघाला आणि काठाला जरासा फाटला. रडून झाल्यावर माणूस बोलायला लागतं ना, तसा. मी माझ्या गाण्याची ओळ तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिली. ती त्या सुराच्या शेजारी जाऊन बसली.

"सुनबाई, तुझा कान बरा हाय," आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले. मला बोलताना ते नेहमी भिंतीकडेच बघायचे. "तू सांग. कंची जोडी?"

मला कुणी असं विचारत नसे. मी खरं ते सांगितलं. "शेवटची, आप्पा. भरीव गिटार आणि हा छोटा डबा."

"लेकिन हा मैदानात पोचणार नाही," अंकल म्हणाले. "याच्या समोर एक माइक लागेल."

"तिसरा हाय की," आप्पा म्हणाले.

ढोलकीवाल्याने मान हलवली. नवरा वायर गुंडाळत होता, तो गुंडाळतच राहिला. मी पदर सारखा केला. मी काय बोलणार? निवड माझीच होती, आणि ती बरोबर होती.

त्यांना माहीत नसलेली गोष्ट अशी. कार्यक्रमाची कॅसेट भरणार होते. अॅम्पलाच वायर लावून टेप जोडायचा, म्हणजे माइकमधून जेवढं जाईल तेवढंच कॅसेटवर येणार. त्यातली एक कॅसेट माझ्या माहेरकडचा एक रेल्वेवाला सुट्टीत गावी जाताना माझ्या आईला नेऊन देणार होता. मी आईला फोनवर सांगून बसले होते, "तू माझा आवाज ऐकशील." लग्नानंतर मी गाते यावर तिचा विश्वासच नव्हता. सासरी पोरगी बोलत असेल का, एवढीच तिची काळजी.

जयंतीला आम्ही टेम्पोतून चौफुला, न्हावरा करत शिरूरला पोचलो. छोटा डबा मी मांडीवर धरला होता. ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. डब्यासमोर एक स्टूल, स्टुलाच्या पायाला सुतळीने बांधलेला माझा माइक, तोंड डब्याच्या कापडाला चिकटवलेलं. कोरसमध्ये आम्ही नुसतेच ओरडत होतो, पुढच्या रांगेपुरते.

माझं गाणं आलं तेव्हा मी कुठं बसावं हे कुणालाच कळेना. आप्पांच्या माइकपाशी जाणं शक्य नव्हतं. अंकलनी आपली खुर्ची सरकवली आणि डब्याशेजारच्या सतरंजीवर हात थोपटला. "बेटा, इधर." परक्या माणसाजवळ बसायला मला मुभा होती, घरच्या माणसाजवळ नव्हती. मी बसले, वाकले, आणि डब्याच्या कडेशी तोंड नेऊन गायला लागले.

माझंच मला ऐकू येईना. अंकलच्या लक्षात आलं. त्यांनी बटण मागं फिरवलं, तसा तो फाटका काठ गेला आणि गिटार एकदम खेळण्यातली वाटायला लागली. त्या डब्याचा जीव मोठ्या आवाजातच होता. हार्मोनियमवरून आप्पा वळले. "अंकल, आवाज!" अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मीच मान हलवली, वाढवा. त्यांनी वाढवला.

गाणं रंगलं. लोक शांत बसून ऐकत होते, एक म्हातारी डोळे पुसत होती. नंतर पोरं येऊन म्हणाली, "गिटार लई भारी, आप्पा." आप्पांनी त्याचं श्रेय मला दिलं, "सुनबाईंनी निवडली जोडी." मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पुढच्या कार्यक्रमांनाही माइक तिथंच राहिला.

कॅसेट गेली. मी दौंड स्टेशनसमोरच्या एसटीडी बूथमधून गावातल्या दुकानात फोन लावला, आईला बोलावून घेतलं.

"ऐकली का?"

"ऐकली. समद्या गल्लीनं ऐकली. वाजवणारा लई चांगला हाय." मग म्हणाली, "तू कुठं हाईस गं त्यात?"

"आईच्या गाण्यात, आई. ते मीच म्हटलंय."

"त्यात तर कुणी लांबून बोलल्यावानी येतंय."

"मी बाजूला बसले होते."

"गायला बसवलं आन् बाजूला कशाला बसवलं?"

चुलतसासरे, मैदान, भरीव गिटार, काचेचे व्हॉल्व्ह. बूथच्या काचेबाहेर लोक रांगेत उभे होते, आणि यातलं काय आधी सांगावं ते मला समजेना.

"दुसऱ्या कडव्याच्या आधी गिटार जराशी थांबते बघ," मी म्हटलं. "तिथं नीट ऐक."

"तिथं कुणी दम घेतंय नुसतं."

"तीच मी."

बाहेरच्या माणसाने काचेवर बोट वाजवलं. "बरं," आई म्हणाली, "परत लावून बघते. तुला तिथं जेवायला नीट घालतात ना?"

घालतात, मी म्हटलं. आणि तेही खरंच होतं.