इब्राहिमचाचांचं इंग्रजी

भंगारात निघालेला एसी इब्राहिमचाचा खुशाल सोडून द्यायचे, पण त्याचं मॅन्युअल कधी नाही. बहारीनमधल्या नईम भागातल्या एसी वर्कशॉपमध्ये मी क्लार्क म्हणून लागलो आणि पहिल्याच शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, वरच्या कामगारांच्या खोलीत बघतो तर हा साठीकडे झुकलेला मेकॅनिक नमाजहून येऊन खाटेवर बसलेला, मांडीवर तेलकट मॅन्युअल. एक पान वाचायचं, मिटायचं आणि वाचलेलं मराठीत वहीत उतरवायचं. पुढच्या शुक्रवारी त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं, मूळ पानाशी ताडायचं, चुकेल तिथे लाल रेघ. बी.कॉम. फर्स्ट क्लासचा माज असलेल्या मला हसू आलं, खोटं कशाला सांगू!

वडील लवकर गेले आणि रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात चाचांची शाळा चौथीतच सुटली. आईने मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चार पोरं वाढवली. बहारीनला आले तेव्हा यांना इंग्रजी अक्षरं तेवढी ओळखता येत होती. कोणी शिकवलं विचारलं की म्हणायचे, "मास्तर मारतो रे, मॅन्युअल मारत नाय. तेच पान शंभरदा विचार, कपाळाला आठी नाय."

डोकं मात्र अफाट. एसीच्या गळणाऱ्या पाण्याने छतं कुजतात म्हणून त्यांनी पाणी साठायच्या ट्रेमध्ये एक तरंगतं बूच बसवलं. ट्रे भरला की बूच वर येतं आणि मशीन आपोआप बंद. अमवाज बेटांवरच्या श्रीमंत बंगल्यांतून लोक फोन करून 'बूचवाले चाचा'च पाठवा म्हणायचे. खोलीतल्या भांडणांचा निवाडाही तेच करायचे, आणि तो दोन्ही बाजूंना पटायचा.

गेल्या जुलैत गावाहून फोन आला की आईने अंथरूण धरलंय, लवकर ये. आता जुलैत एसीवाल्याला रजा म्हणजे अशक्यच गोष्ट. चाचांनी स्वतः इंग्रजीत अर्ज लिहिला आणि टाइप करायला माझ्याकडे दिला. वाचून मी कपाळावर हात मारला. आयुष्यभर मॅन्युअलं वाचलेल्या माणसाचा अर्जही मॅन्युअलच झाला होता! त्याचा अर्थ असा:

"सावधान. माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. या मॉडेलचे सुटे भाग मिळत नाहीत. उशीर झाल्यास कायमचे नुकसान होईल व ते कोणत्याही टेक्निशियनला दुरुस्त करता येणार नाही. कृपया ताबडतोब रजा द्यावी."

लोक हसतील म्हणून, चाचांवरच्या मायेपोटीच, मी तो परस्पर बदलला. कौटुंबिक कारणास्तव पंधरा दिवसांची रजा मिळावी, आपला नम्र वगैरे. एकही चूक नाही. दोन दिवसांनी अर्ज परत आला, त्यावर शेरा होता की सीझन संपल्यावर बघू.

चाचांनी माझा कागद शांतपणे वाचला. स्वतःच्या हातचा कागद मागून घेतला आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग. मॅनेजर आधी खो खो हसले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले आणि हसणं थांबलं. चष्मा काढून त्यांनी सही केली. त्याच संध्याकाळच्या विमानाने चाचा गेले.

पंधरा दिवसांनी परतले ते माझ्यासाठी आमसुलं घेऊन. मी घाबरत घाबरत आईचं विचारलं. "ओळखलंन मला," ते म्हणाले. "एक दिवस माझा हात धरून बोलत होती. मग खलास."

मला राहवलं नाही. म्हटलं, चाचा, तुमचे दोन दिवस माझ्यामुळे गेले. मला माफ करा. माझे डोळे भरून आले होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुझ्या इंग्रजीत चूक नव्हती रे बाबा," ते म्हणाले, "पण त्यात माझी आई पण नव्हती."