मधवाली भिल्लीण

शहागंजातल्या आमच्या दारावर एक भिल्लीण मध विकायला यायची. राज्य निजामाचं होतं आणि माझे यजमान त्याच्या जंगल खात्यात कारकून होते. तिला ते ठाऊक नव्हतं. मी तिचं नाव विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. उंबऱ्याबाहेर ती उकिडवी बसायची, तोंड गल्लीकडं आणि एक हात मडक्यावर. मध म्हणून गुळाचा पाक तर देत नाही ना, म्हणून मी बोटभर चाटून बघायची. ती माझ्या खांद्यावरून घरात आणखी कोण आहे ते बघायची.

“कुठल्या डोंगरातला गं?” मी विचारलं की ती कधी कन्नडचा डोंगर सांगायची, कधी अजिंठ्याचा. एकदा मी चिडलेच. “दर खेपेला निराळं सांगतीस. खोटं बोलतीस तू.”

“व्हय, बोलते,” ती म्हणाली. “मागं एकदा खरं सांगितलं, बाई. तर जंगलाचे शिपाई आले अन् घरवाल्याला मधाच्या पोळ्याखालूनच धरून नेलं. अजून नाय आला.”

मी भांडं आणून मध घेतला.

जेवताना यजमानांनी तो चाखला. “अस्सल आहे. कुठला म्हणाली?”

“घाटाखालचा, खानदेशातला,” मी म्हटलं. “इंग्रजांच्या हद्दीतला.”

तिथं त्यांच्या खात्याचं काही चालत नव्हतं. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडं रोखून पाहिलं आणि मग ताट पुढं ओढलं.