निळीनं माजं ऐकलं

सबंद सोलापुरात निळीच्या पिपाला हुकूम सोडलेला रंगारी मी एकटाच. त्या दिवसाआदी पीप लांबच, पिपाचं झाकन बी कुनी माज्या एकट्याच्या हातात देत नव्हतं.

सत्तर-पंच्याहत्तर सालाकडची गोष्ट. यंत्रमागांच्या गल्लीत आमचं सूत रंगवायचं डाय हाऊस. मिस्त्री घरात तेलुगू बोलायचा, शिव्या तेवढ्या मराठीत. सा वर्सं मी त्याच्याकडं सुताच्या वल्ल्या लडी पिळत हुतो. त्या दिवशी म्हनला, "आज पीप तुजं. लडी नीट उतरल्या तर कायमचं तुजं. न्हाईतर हाय की पिळनं."

निळीतनं लड काडली की पिवळट-हिरवी असती. मग वारं लागतं आन् बघता बघता निळी हुती. कुनी हात लावत न्हाय, काय न्हाय. पयल्या वर्सी मला भ्याच वाटायचं.

मिस्त्रीला बी आन् मला बी अक्षर यायचं न्हाय, म्हनून गाठींवर काम. नीळ विरघळवायला एका पिपाला हायड्रो पावडरीचा एकच मापाचा डबा; तो टाकला की पिपाच्या कडीला बांदलेल्या दोऱ्याला एक गाठ मारायची.

मी पावडर घेतली आन् शेजारचं मास्तर चहाला आलं. म्हनलं, "मोठमोठे विद्वान सध्या भांडतायत. वस्तू वागते ती तिच्या मूळ गुणानं, की वरून कुठला नियम तिला तसं वागवतो? नियम असेल, तर तो उद्या बदलेलही."

मिस्त्री म्हनला, "नीळ निळीच व्हनार. झाली न्हाय, तर ती नीळच न्हवं."

"आणि नियमच थांबला तर?"

माजी जीभ कुटं गप बसती? "मास्तर, नियम मीच थांबवतो की!" मिस्त्री सुद्दा हसला. त्या हसन्यात मी दोऱ्याकडं बगितलं, डबा टाकला, गाठ मारली. पीप मुरल्यावर लडी बुडवल्या, काडल्या, बांबूवर टाकल्या आन् बोट दाखवून वरडलो, "खबरदार! माज्या हुकमाबिगार निळं व्हायचं न्हाय!"

मिस्त्री जेवायला गेला. तेवढ्यात लाईट गेली. गल्लीतलं सगळं माग एकदम बंद. भर दुपारी असलं गप की पिपातला बुडबुडा फुटलेला आयकू यावा.

लडी पिवळ्याच.

वारं हुतं. माजं वाळत घातलेलं धोतार हालत हुतं, लडी बी हालत हुत्या. पर पिवळ्या.

"हुकूम मागं घेतला," मी हळूच म्हनलं. काय न्हाय. खडा उचलून वर फेकला. पडला खाली. तेवडं तरी जाग्यावर हुतं म्हनायचं.

मग ध्यान हाताकडं गेलं. सा वर्सं कोपरापतूर निळं असलेलं माजं हात पिवळट पडलेलं. मेलेल्या मान्साचं कुनीतरी मला लावल्यागत. निळी न्हाय ती नीळ न्हवं, मग हे हात कुनाचं? आन् ज्याला लागल्यात तो कोन?

मास्तरांनी कप खाली ठेवला. "मी आपलं बोलण्यापुरतं बोललो रे," म्हनलं, पर खडा खरंच खाली पडलाय का, ते वाकून बगितलं.

मिस्त्री आला. लड नाकाला लावली. पावडरीच्या साठ्याच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात डोकावला. मग दोरा धरला. "गाठ एक. आन् पावडर दोन डब्याची गेली."

आत्ता मला आठवलं. मास्तर बोलत असतानाच माज्या हातनं एक डबा पिपात पडला हुता, गाठ मारायची ऱ्हायली हुती. दोरा मोकळा बगून दुसरा टाकला.

"हायड्रो जादा झालं की नीळ दबून बसती," मिस्त्री म्हनला. "वारं लागलं तरी लवकर उटत न्हाय."

तो बोलत असतानाच लडी निळ्या व्हाय लागल्या. पर वर निळ्या, खाली पिवळ्या, मदीच डाग. वल धरलेल्या भिंतीगत. माज्या बोटांवर बी निळं परत चडत हुतं, हळूहळू, आतनं कुनी वर येत असल्यागत.

पीप तर हातचं गेलंच हुतं. तरी म्हनलं, "बगा मिस्त्री, निळीनं गुन सोडला न्हाय की!"

"निळीनं न्हाय सोडला, तू बी न्हाय सोडला. चल, लडी पिळ."