कफाची मुलगी, वाताचे वडील

अबुधाबीहून बदली होऊन आम्ही दुबईत, देरात राहायला आलो, त्या वर्षी माझ्या डोक्यात धुकं साचायला लागलं. मी एका ट्रेडिंग कंपनीत शिपिंगचं काम बघायचे. फोनवर बोलता बोलता समोरच्याचं नावच आठवायचं नाही. घरी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे आणि मुलगी म्हणायची, "आई, यू टोल्ड मी ऑलरेडी." सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट नॉर्मल आले.

त्याच वर्षी हिवाळ्यात बाबा व्हिजिट व्हिसावर आले. बाबा वाईचे वैद्य. उभं आयुष्य लोकांच्या नाड्या बघण्यात गेलेलं, पण माझ्या मनगटाला त्यांनी औषधासाठी कधी हात लावला नाही. म्हणायचे, "माया मध्ये आली की बोटांना नीट कळत नाही." ऑफिसातल्या मैत्रिणीने एका चिनी डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला, तेव्हा वाटलं, बाबा हसतील. तर तेच आधी कोट घालून दारात उभे. "चल. त्या नाडी कशी बघतात ते बघायचंय मला."

दवाखाना कापडाच्या दुकानावर होता. जिना चढतानाच वाळलेल्या मुळ्यांचा वास आला आणि बाबांचा चेहरा खुलला. बाई साठीच्या, केस बारीक कापलेले. देराच्या बाजारात शिकलेलं हिंदी बोलायच्या. त्यांनी माझी जीभ पाहिली, मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून डोळे मिटले.

"तुम्हारा बॉडी गीला," शेवटी म्हणाल्या. "सिर में गीला कपडा. दिमाग खराब नहीं. स्लो. स्लो आता, लेकिन जाता नहीं."

मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीत पुढे सरकले होते.

"कफ," ते हळूच म्हणाले. "अगं, कफाची प्रकृती सांगतायत त्या. तुझे पाढे सगळ्यांत उशिरा पाठ झाले. पण झाले ते कायमचे. मी हे तुला कधी बोललो नाही."

मग बाबांनी जे केलं ते मला अजून खरं वाटत नाही. त्यांनी नमस्कार केला आणि बाईंपुढे हात पसरला, त्यांची नाडी मागत. बाईंना क्षणभर कळेना. कळलं तशा त्या हसल्या, डावा हात पुढे केला आणि उजव्याने बाबांचं मनगट धरलं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना दोन म्हातारी माणसं, दोघांचे डोळे मिटलेले, एकमेकांच्या मायबोलीचा एक शब्द येत नसलेली. खालून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"त्यांना विचार," बाबा म्हणाले, "पहाटे जाग येते ना? मग पुन्हा डोळा लागत नाही."

मी हिंदीत विचारलं. बाईंनी डोळे उघडले. "हां," एवढंच म्हणाल्या. मग बाबांचं मनगट न सोडता मला सांगू लागल्या, "पापा सूखा. दिमाग बहुत तेज. जल्दी आता, जल्दी जाता. अभी नाम जाता है. पापा बोलता नहीं."

हे भाषांतर करायला माझी जीभ उचलेना. पण बाबा हिंदी बोलायला संकोचत असले, तरी त्यांना ते कळत होतं.

"खरंय," ते म्हणाले. "माझी प्रकृती वाताची. वर्षभर झालं. जुन्या पेशंटची नावं निसटतात. घाबरलो होतो. तुम्हाला कुणाला सांगायचा धीर झाला नाही."

तोवर बाबांना घाबरल्याचं कबूल करताना मी ऐकलं नव्हतं. बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, तसाच राहू दिला.

बाईंनी मला कडू काढा दिला, रात्रीचं दही आणि फ्रिजमधला ज्यूस बंद केला, ऑफिसात एसीच्या झोतापासून दूर बसायला सांगितलं. बाबा मला रोज संध्याकाळी खाडीवर चालायला न्यायचे. उन्हाळा लागेपर्यंत धुकं विरलं. काढ्याने, चालण्याने, की बाबा घरात होते म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

बाबांची नावं काही परत आली नाहीत. वाईला गेल्यावर मात्र त्यांनी माझ्या भावाला आणि वहिनीला सगळं सांगून टाकलं. वहिनी बाबांच्या दवाखान्यात त्यांच्या शेजारी बसू लागली. आलेल्याचं नाव ती सांगायची, नाडी बाबा बघायचे, आणि नाडीत ते शेवटपर्यंत चुकले नाहीत, असं वहिनी आजही सांगते.