ताटातली मिठाची जागा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलेली नाही. मायला तर नाहीच. एकदा विहारात भंतेजी आले होते. त्यांच्याजवळ एकटा बसलो होतो तेव्हा बोलायला सुरुवात केली — आणि मध्येच विहाराच्या छपराच्या पत्र्यांचा विषय काढला. तुमची-माझी ओळख नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. कदाचित.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं त्याच सुमारास मी मोजणी खात्यात लागलो. मूळचे आम्ही आळंद तालुक्यातल्या खजुरीचे. नोकरीमुळे बीदरला आलो, तिथंच नौबाद भागात घर केलं. काम साधं — बांधावरून साखळी ओढायची, खुंट रोवायचे आणि कुणाची जमीन किती ते सांगायचं. दोन भावांच्या भांडणात माझा आकडा शेवटचा. कुणाचा चहा पिऊन मी कधी बांध हलवला नाही. हे मी अभिमानानं सांगायचो, लोक अजूनही सांगतात.

अशा माणसानं एक आकडा खोटा करून दिला. जमिनीचा नव्हे.

यशवंत माझा धाकटा भाऊ. औरादकडच्या एका खेड्यात मराठी शाळेवर मास्तर होता. आधी त्याचा चेहरा सुजायला लागला, मग पाय. गावच्या डॉक्टरांनी कावीळ म्हणून औषध दिलं. हैदराबादला नेलं तेव्हा कळलं, दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून तो बायकोसह नौबादला आमच्याकडेच राहू लागला. आठवड्यातून दोनदा पहाटेच्या बसनं हैदराबाद, मशीनवर झोपायचं आणि रात्री परत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मशीनवर फार दिवस निघणार नाहीत. घरातल्या कुणाची तरी किडनी हवी. यशवंतची बायको रेखा पहिली उभी राहिली, पण तिचा रक्तगट जुळला नाही. जुळले दोघेच. माय आणि मी. त्यातही माझं जुळणं जास्त चांगलं. मायचं चालण्यासारखं होतं, पण तिचं वय झालेलं. डॉक्टर म्हणाले, भावाची मिळाली तर उत्तम.

मी हो म्हणालो. सगळ्यांसमोर, लगेच. मायनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तो हो खोटा होता का? नाही. त्या दिवशी तो खरा होता, एवढं मी म्हणू शकतो.

त्याच दिवशी वॉर्डात एक माणूस दिसला. जहीराबादकडचा शेतकरी, बहिणीला किडनी दिलेला. नर्स पट्टी बदलत होती. पाठीपासून पोटापर्यंत टाके होते. तो माणूस माझ्याकडे बघून हसला, चांगला हसला. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि शर्टाखालून माझ्या अंगावर तेवढी लांबी वितीनं मोजली.

मग माझं बीपी घेतलं. एकशे चौतीस आणि शहाऐंशी. डॉक्टर म्हणाले, किंचित वर आहे, काळजी नाही. महिनाभर मीठ कमी करा. पुढे सहज म्हणाले, हे फार वाढलं तर मात्र तुमची किडनी घेता येणार नाही. ते बोलून गेले आणि कागद लिहायला लागले. मी आकड्यांवर जगणारा माणूस. ते वाक्य मी तिथून घरी घेऊन आलो.

यशवंतला मीठ पूर्ण बंद होतं, मला कमी. मायनं घरी येताच जाहीर केलं, "एकाच्या ताटात मीठ अन् दुसऱ्याच्या न्हाई, असं माझ्या घरात चालायचं न्हाई. समदेच अळणी खाऊ." आणि खरंच मिठाचा डबा, लोणच्याची बरणी उचलून शेजारच्या फातिमा खालाकडे नेऊन ठेवली. खाला दारात उभी राहून म्हणाली, "सोना रखने कू देते सो सुनी थी अम्मा, नमक देते सो आज देखी." मायसुद्धा हसली. आमच्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

माझ्या दोन मुली, मीना आणि छाया. छाया लहान. तिनं पहिल्याच दिवशी ताट सरकवलं. "आजी, ढोरालाबी मिठाचा खडा चाटायला देतेत."

"मंग जा, गोठ्यात राहा," माय म्हणाली. "काका बरा झाला की ये."

"गोठा कुठाय आपल्याला?"

"मंग गप खा."

छाया रडत खायची, पण खायची. रेखाही तेच खायची. सुमन मला रोज एक पेला दूध जास्त देऊ लागली, त्यातलं मुलींना मिळायचं नाही. खजुरीहून नातेवाईक मला बघायला आले — यशवंतला नव्हे, मला. विहारात पौर्णिमेला गेलो की बसलेली माणसं सरकून जागा द्यायची. हेही कबूल करायला हवं की मला ते आवडत होतं. दान देणाऱ्याचा मान मला हवा होता. द्यायचं तेवढं नको होतं.

पंचशील सगळे एका सुरात म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या महिन्यात तिथं आलो की माझे नुसते ओठ हलायचे.

आता सांगायलाच हवं.

मोजणीला गेलो की गावात जेवण असायचं. पाटलाकडे, नाहीतर ज्याची मोजणी त्याच्याकडे. आधी मी भाकरी आणि पिठलं एवढंच घ्यायचो. आता मी सांडगी मिरची मागू लागलो. शेंगाचटणी, लिंबाचं जुनं लोणचं, मिठात मुरलेलं. घरची बाई कौतुकानं वाढायची, मी परत मागायचो. पुढे तेवढ्यानं समाधान होईना. साखळीच्या पिशवीत, खुंटांच्या खाली, मी खड्याच्या मिठाची पुडी ठेवली. बांधावरून चालताना एक खडा तोंडात टाकायचा. तोंड भाजायचं. पाणी प्यायचं, दुसरा टाकायचा. मुली अळणी वरण गिळत होत्या त्याच महिन्यात.

मला मुलींची काळजी होती, मला काही झालं तर त्यांचं काय — असं मी मनाशी म्हणायचो. पण खरं सांगू? मुलींचं कारण मला नंतर सुचलं. मीठ आधी सुरू झालं होतं.

एका संध्याकाळी मोजणीहून परत आलो. यशवंत अंगणात बाजेवर पडला होता. त्याला पाणीसुद्धा मोजून मिळायचं, दिवसाचं एवढंच. त्याच्या वाटणीचा पेला मी त्याच्या हातात द्यायला गेलो, तर त्यानं पेल्याऐवजी माझं मनगट धरलं. बोटं नाकाशी नेली.

"अण्णा, लोणचं खाल्लास?"

मी म्हणालो, गावात वाढलं, नाही म्हणता आलं नाही.

"व्हय?" तो डोळे मिटून वास घेत राहिला. "लिंबाचं हाय." मग हसला. "मलाबी आणायचास की बोटभर. नुसतं चाटून फेकलो असतो."

त्यानं हात सोडला. मला वाटलं, सुटलो. त्याला वाटलं असेल की भाऊ जिभेला भुलला. दुसरं काय वाटणार? किडनी देणाऱ्याबद्दल कुणाच्या मनात असलं येतं?

महिन्यानं हैदराबादला गेलो. माय, मी, यशवंत. जहीराबादला बस थांबली तेव्हा मी हॉटेलात जाऊन लोणच्याची फोड घेतली आणि उभ्या उभ्या चावली. तपासणीच्या खोलीबाहेर माय थांबली. यशवंत माझ्याशेजारी स्टुलावर बसला. बीपी एकशे बासष्ट, खाली एकशे चार. डॉक्टरांनी पट्टा सोडला, परत बांधला, परत घेतलं. फारसा फरक नाही. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, मीठ बंद आहे ना?

मी म्हणालो, "महिन्यापासून घरची चूलच अळणी आहे, साहेब."

शब्दाशब्दानं खरं होतं. मोजणीवाला माणूस खोटं असंच बोलतो.

यशवंत स्टुलावर हलला नाही. जगायला त्याला माझी किडनी लागत होती. माझ्या बोटांचा वास त्याला माहीत होता. डॉक्टर समोर होते. एवढंच म्हणायचं होतं — साहेब, हा बाहेर खातो. एकच वाक्य. मी त्याच्याकडे बघितलं नाही, पण त्याचा श्वास मला ऐकू येत होता, पाणी भरलेल्या छातीचा. मी त्या वाक्याची वाट बघत बसलो. ते आलं नाही. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत विचारलं, "मंग आता, साहेब?"

दोन आठवड्यांनी परत बोलावलं. परत तेच केलं, परत तेच म्हणालो. या खेपेला यशवंत म्हणाला, मी बाहेरच बसतो, अण्णा. डॉक्टरांनी माझं नाव काढून टाकलं.

बीपी मिठानं वाढलं की भीतीनं, मला आजही माहीत नाही. त्यानं काय फरक पडतो? मीठ मी ते वाढावं म्हणूनच खाल्लं होतं.

मायला सांगितलं तेव्हा ती मला घेऊन डॉक्टरांच्या खोलीत शिरली. त्यांना म्हणाली, "मंग माझा गुर्दा घ्या. माझ्याच रक्तावर वाढलंय हे पोरगं, आनिक एकदा वाढंल." आणि माझ्याकडे वळली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं पदरानं पुसलं. "तू कामून रडायलास? तुझ्या अंगालाच सोसंना, त्याला तू काय करशील?"

मी तिला पुसू दिलं.

त्या जहीराबादच्या माणसासारखेच टाके मायच्या अंगावर आले. पाठीपासून पोटापर्यंत.

मायची किडनी त्याला लागू पडली. यशवंत घरी आला, चेहऱ्यावर पाणी राहिलं नाही, हाडं दिसू लागली. डॉक्टरांनी थोडं मीठ खायची मोकळीक दिली. खालाकडून डबा आणि बरणी परत आली. त्या दिवशी सगळे एकत्र जेवायला बसलो. छायानं मीठ ताटात घेऊन आधी नुसतंच चाटलं. सगळ्यांच्या ताटात लोणचं आलं, माझ्या ताटात नाही. मला आता बीपी होतं ना. यशवंतनं आपल्या ताटातली फोड उचलली, जिभेला लावली आणि सुमनला म्हणाला, "वहिनी, अण्णालाबी वाढा की जरासं."

माय खवळली. "येडा झालास का? त्येला बीपी हाय."

"जरासं म्हणलो," यशवंत म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला.

त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो माझ्यासाठी दार उघडून धरून बसला होता. मी वाढ म्हटलं असतं, तर त्याच ताटावर सगळं बोलता आलं असतं. मायचे टाके अजून ओले होते. मी म्हणालो, "नको."

त्यानं मान हलवली आणि जेवू लागला. तो विषय त्यानं परत काढला नाही. मायजवळ नाही, रेखाजवळ नाही, माझ्याजवळही नाही.

मायची किडनी चार वर्षं चालली, मग थांबली. गेल्या हिवाळ्यात यशवंत गेला. भावाची मिळाली तर उत्तम, असं डॉक्टर म्हणाले होते. उत्तम म्हणजे किती वर्षं? पाच? दहा? हा आकडा मला कुणी देऊ शकत नाही. मी रोज तो काढायला बसतो.

मध्ये ऑफिसात सगळ्यांची आरोग्य तपासणी झाली. माझं बीपी एकशे चोवीस आणि ऐंशी. घरी मी सांगितलं, अळणी खातो म्हणून ताब्यात आहे. सुमननं ते शेजारणींना सांगितलं. आमच्याकडे कुणाला बीपी निघालं की माझं उदाहरण देतात.

माय आता थकली आहे, पण माझं ताट तीच वाढते. वरण माझं वेगळ्या भांड्यात शिजतं. आधी ती ताट उजेडाकडे धरते, वरच्या बाजूला जिथं मीठ वाढायची जागा असते तिथं पदरानं पुसते — आदल्या वेळचा कण चुकून राहिला असेल म्हणून. मग ताट माझ्यासमोर ठेवते आणि मी जेवेपर्यंत जवळ बसून राहते.

मी सगळं संपवतो.